त्रिकोणाचे कोन आणि ‘अबज’ अक्षरें : एका जुन्या समजुतीची दुरुस्ती

१

प्रस्तुत लेख नवें संशोधन म्हणून नव्हे, तर एका चुकीची दुरुस्ती म्हणून सादर करीत आहें. चूक माझीच आहे. आणि ती मीं चारचौघांत बोलून दाखविली असल्यामुळें तिची दुरुस्तीहि उघडपणें व्हावी, हें योग्य.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं रद्दीच्या दुकानांतून स्तोत्रें, मुहूर्ताचे कागद व फुटकळ जन्मपत्रिका यांचें एक बाड मीं विकत घेतलें. त्यांत सात सुटीं पानें अशीं निघालीं कीं, त्यांनीं माझी झोप उडविली. अक्षर देवनागरी, भाषा सरळ संस्कृत गद्य. ग्रंथनाम नाहीं, कर्त्याचें नांव नाहीं, पुष्पिका नाहीं, शक नाहीं. परंतु मजकूर सगळा रेघा, कोन व त्रिकोण यांच्या लक्षणांचा. एका रेघेवर दुसरी रेघ उभी केली असतां दोहों बाजूंचे कोन सारखे झाले तर ते समकोण. त्याहून मोठा तो अधिककोण. त्याहून लहान तो न्यूनकोण. पुढें त्रिकोणांचे प्रकार, प्रथम भुजांवरून व मग कोनांवरून. शेवटच्या पानावर दोन भुजा समान असलेल्या त्रिकोणाची आकृति आणि तिच्या पायथ्याचे दोन कोन समान असल्याची उपपत्ति.

मी तेव्हां शाळेंत संस्कृत शिकवीत असें, आणि शिक्षक कमी पडत म्हणून भूमितीचे तासहि माझ्याकडे येत. हीं पानें पाहून मला वाटलें कीं, युक्लिडाचें जें म्हणून आपण मुलांस शिकवितों तें आपल्याकडे पूर्वींच होतें, आणि त्याचा पुरावा रद्दीच्या भावानें माझ्या हातीं आला आहे. एका स्थानिक मंडळाच्या वार्षिक सभेंत मीं हीं पानें लोकांस दाखविलीं व तीं भास्कराचार्यांच्याहि पूर्वींच्या एखाद्या लुप्त क्षेत्रग्रंथाचीं असावींत, असें प्रतिपादन केलें. टाळ्या पुष्कळ पडल्या.

सभा संपल्यावर शेजारच्या गांवच्या शाळेंतील एक वृद्ध उर्दू शिक्षक पानें पाहावयास पुढें आले. त्यांना संस्कृत येत नव्हतें. देवनागरी मात्र वाचतां येई. आकृतीच्या टोंकांवरचीं अक्षरें त्यांनीं बोटानें एकामागून एक वाचलीं : अ, ब, ज, द. आणि हंसून म्हणाले, “गुरुजी, हें तर आमचें अबजद!”

त्या एका वाक्यानें माझ्या प्रबंधाचा पाया निखळला. तो कसा, आणि पाया निखळल्यावर खालीं कोणती खरी जमीन लागली, तें पुढें मांडीत आहें.

२

प्रथम आपल्या ग्रंथांत काय आहे तें पाहूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. लीलावती हा त्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचा पाटीगणिताचा भाग. सिद्धान्तशिरोमणीचा काल शके १०७२, इ. स. ११५०. ही परंपरा आपल्या भूमीशीं किती जडली होती हें चाळीसगांवानजीकच्या पाटण येथील शिलालेखावरून दिसतें. आचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, इ. स. १२०७ च्या या लेखाकडे विद्वानांचें लक्ष डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं वेधलें. पुढें कोंकणांतील नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४६७ मध्यें, इ. स. १५४५ त, लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. म्हणजे सह्याद्रीच्या दोहों अंगांस हा ग्रंथ केवळ पाठ केला जात नसून उपपत्तीसह शिकविला जात होता.

लीलावतीच्या क्षेत्रव्यवहारांत त्रिकोणाची चर्चा भरपूर आहे. परंतु ती भुजांची चर्चा आहे. भूमि दिली, दोन भुजा दिल्या. आतां लंब काढा, भूमीचे लंबानें पडलेले दोन तुकडे म्हणजे आबाधा काढा, फल काढा. कोनाचें माप कोठें विचारलेलें नाहीं व कोठें दिलेलेंहि नाहीं. सर्वांच्या ओळखीचें उदाहरण घ्या : भूमि १४, भुजा १३ व १५. भुजांची बेरीज २८, अंतर २, गुणाकार ५६, त्यास भूमीनें भागिलें असतां ४. हें ४ भूमींत मिळवून अर्धें केलें तर ९, वजा करून अर्धें केलें तर ५. ह्या दोन आबाधा. १३ च्या वर्गांतून ५ चा वर्ग वजा करून मूळ घेतलें कीं लंब १२, आणि फल ८४.

दुसरें उदाहरण अधिक महत्त्वाचें. भूमि ९, भुजा १० व १७. बेरीज २७, अंतर ७, गुणाकार १८९. भूमीनें भागिलें असतां २१. आतां ९ मध्यें २१ मिळवून अर्धें केलें तर १५. परंतु ९ मधून २१ वजा जात नाहींत. आचार्य येथें अडत नाहींत. उलट वजाबाकी करून ते ६ घेतात व ही आबाधा ऋणगत आहे, म्हणजे उलट्या दिशेस आहे, असें सांगतात. लंब भूमीच्या आंत न पडतां बाहेर, ६ अंतरावर पडतो. १० चा वर्ग १००, त्यांतून ३६ गेले, मूळ ८. दुसऱ्या बाजूनें १७ चा वर्ग २८९, त्यांतून २२५ गेले, मूळ तेंच ८. फल ३६.

ज्या त्रिकोणास आज आपण विशालकोन त्रिकोण म्हणतों तो हाच. भास्कराचार्यांनीं त्याचा कोन मोजला नाहीं, त्यास नांव दिलें नाहीं. एक ऋणचिन्ह मात्र दिलें. टीकापरंपरेंत जात्य, अंतर्लंब व बहिर्लंब असे जे शब्द येतात ते याच विचाराचे. जात्यांत लंब म्हणजे भुजाच, आबाधा शून्य. अंतर्लंबांत दोन्ही आबाधा धन. बहिर्लंबांत एक ऋण.

युक्लिडाच्या दुसऱ्या अध्यायांतील बारावें व तेरावें हीं प्रमेयें याच्या शेजारीं ठेवून पाहावीं. विशालकोनासमोरच्या भुजेचा वर्ग इतर दोहोंच्या वर्गांच्या बेरजेहून जितका अधिक, तें आधिक्य भूमि व बाहेरचा तुकडा यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतें. आपल्या उदाहरणांत १७ चा वर्ग २८९, १० व ९ यांच्या वर्गांची बेरीज १८१, आधिक्य १०८. आणि ९ गुणिलें ६, त्याची दुप्पट १०८च. पहिल्या उदाहरणांत १५ चा वर्ग २२५, १३ व १४ यांच्या वर्गांची बेरीज ३६५, न्यूनता १४०. आणि १४ गुणिलें ५, त्याची दुप्पट १४०. जें सांगावयास ग्रीक ग्रंथास कोनांचे दोन प्रकार व दोन स्वतंत्र प्रमेयें लागलीं, तें भास्कराचार्यांच्या एका सूत्रांत धन, शून्य व ऋण या तिहींनीं आटोपलें.

३

येथवर आल्यावर मला पुन्हां मोह झाला. पानें परकीय निघालीं तरी काय बिघडलें? जात्य म्हणजे काटकोन त्रिकोण, अंतर्लंब म्हणजे लघुकोन, बहिर्लंब म्हणजे विशालकोन. नांवें निराळीं, वर्गीकरण तेंच. असें मीं मनाशीं ठरविलें आणि कांहीं वर्षें विद्यार्थ्यांसहि सांगितलें. ही माझी दुसरी चूक.

ब्रह्मगुप्तांच्या काळापासून, म्हणजे इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तापासून, दोन जात्य त्रिकोण जोडून नवा त्रिकोण करण्याची रीत आपल्याकडे आहे. ६, ८, १० आणि ८, १५, १७ हे दोन जात्य घ्या. दोहोंस ८ ही बाजू समान. एकावर एक ठेवून १५ मधून ६ वजा केले तर वरचाच ९, १०, १७ चा त्रिकोण मिळतो. परंतु शेजारीं शेजारीं ठेवून १५ व ६ मिळविले तर भूमि २१, भुजा १० व १७ असा त्रिकोण होतो. लंब ८, दोन्ही आबाधा धन, लंब अगदीं आंत. माझ्या समीकरणाप्रमाणें हा लघुकोन त्रिकोण ठरावयास हवा. पण १० व १७ यांच्या वर्गांची बेरीज ३८९ आणि २१ चा वर्ग ४४१. म्हणजे माथ्याचा कोन काटकोनाहून मोठा, त्रिकोण विशालकोनच!

एका चुणचुणीत मुलीनें नववीच्या वर्गांत फळ्यावर ही आकृति काढून मला हें दाखविलें. तिच्यासमोर मला उत्तर सुचलें नाहीं. घरीं येऊन रात्रभर विचार केल्यावर सुचलें तें असें. लंब आंत पडणें किंवा बाहेर पडणें हा त्रिकोणाचा धर्मच नव्हे; तो भूमि कोणती मानली यावर अवलंबून आहे. सर्वांत मोठी भुजा भूमि मानली तर लंब नेहमींच आंत पडणार, मग त्रिकोण कोणत्याहि जातीचा असो. १०, १७, २१ या त्रिकोणांतच १० ही भूमि मानून पाहावें; लंब बाहेर जातो. आबाधेचें चिन्ह पायथ्याच्या कोनांविषयीं बोलतें. माथ्याच्या कोनाविषयीं तें मूक आहे.

माथ्याच्या कोनाची परीक्षा लीलावतीच्याच सामग्रीनें करतां येते. लंबाचा वर्ग आणि दोन आबाधांचा गुणाकार यांची तुलना करावी. १३, १४, १५ मध्यें लंबाचा वर्ग १४४, आबाधांचा गुणाकार ४५. वर्ग मोठा, म्हणून माथा न्यूनकोण. १५, २०, २५ मध्यें २५ ही भूमि घेतली तर आबाधा ९ व १६, लंब १२. वर्ग १४४, गुणाकारहि १४४. म्हणून माथा समकोण. १०, १७, २१ मध्यें वर्ग ६४, गुणाकार ९०. म्हणून माथा अधिककोण. ही परीक्षा मीं मुलांसाठीं बसविली. ती आचार्यांच्या माथीं मारीत नाहीं. सामग्री त्यांची, प्रश्न आपला. त्यांचा प्रश्न क्षेत्राच्या फलाचा होता. आणि फल काढण्यास कोनाच्या नांवाची गरज पडत नाहीं. जो प्रश्न त्यांनीं विचारलाच नाहीं त्याचें उत्तर त्यांच्या ग्रंथांत शोधणें ही भक्ति असेल, इतिहास नव्हे.

४

मग आपल्या पूर्वजांस कोन ठाऊकच नव्हता असें म्हणावें काय? तसें म्हणणेंहि तितकेंच चुकीचें होईल.

शुल्बसूत्रांत समकोण सर्वत्र आहे. बौधायनांनीं ३ व ४, १२ व ५, १५ व ८, ७ व २४, १२ व ३५, १५ व ३६ अशा बाजू देऊन त्यांच्या अक्ष्णयेचा नियम सांगितला. दोरीला खूण बांधावी, ताणावी, कोपरा आपोआप सरळ येतो. गवंडी आजहि पायाची आंखणी करितांना तीन, चार, पांचाची दोरी धरतो, आणि सुतार गुण्या लावून पाहतो; कोणीहि अंश मोजीत नाहीं. शुल्बांत दोन भुजा समान असलेल्या त्रिकोणास प्रउग असें स्वतंत्र नांवहि आहे.

कोनाचें माप आपल्याकडे होतें. पण तें क्षेत्रव्यवहारांत नसून ज्योतिषांत होतें, आणि तें कोनाचें नव्हे, चापाचें म्हणून होतें. वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला. आर्यभट व सूर्यसिद्धान्त यांच्या ज्यासारणीची त्रिज्या ३४३८ कला. चाप दिला कीं ज्या निघते. ज्या दिली कीं चाप निघतो. त्रिकोण आला कीं त्यास वर्तुळांत बसवावें.

याहून मनोरम गोष्ट पलभेची आहे. विषुवदिनीं मध्यान्हीं १२ अंगुलांच्या शंकूची जी छाया, ती पलभा. शंकु ही कोटि, छाया हा भुज, आणि पलकर्ण हा कर्ण. असा जात्य त्रिकोण. त्याच्या वरच्या टोंकाचा कोन म्हणजे त्या स्थळाचे अक्षांश. पुण्याचे अक्षांश सुमारें १८॥. म्हणून पुण्याची पलभा सुमारें ४ अंगुलें. ज्योतिषी ‘पलभा ४’ म्हणे आणि त्यांत कोन आला. कोन आकारानें ओळखला जाई, व आकार बाजूंच्या प्रमाणानें सांगितला जाई. ज्यांचे कोन समान ते त्रिकोण प्रमाणांत असतात, हें ज्ञान त्रैराशिकाच्या रूपानें आपल्या ज्योतिषाच्या पानोपानीं वावरतें. मग तिन्ही कोनांची बेरीज किती, हा प्रश्न कोणास पडला नाहीं यांत नवल नाहीं. जेथें कोन प्रमाणानें सांगतात तेथें कोनांची बेरीज करण्याचें कारणच उरत नाहीं.

‘कोण’ या शब्दाविषयींहि सावध असावें. वराहमिहिराच्या जातकग्रंथांत त्रिकोण म्हणजे पांचवें व नववें स्थान, आणि कोण हें शनीचें नांव. हे शब्द ग्रीक ज्योतिषांतून आले, असें पुष्कळ पंडितांचें मत आहे. तेव्हां एखाद्या जुन्या पोथींत ‘त्रिकोण’ शब्द दिसला म्हणून तेथें भूमिति आहे असें समजूं नये. शुद्ध क्षेत्रग्रंथांचे जुने शब्द त्र्यस्र व त्रिभुज हे होत.

५

आतां माझ्या सात पानांकडे वळूं. उर्दू शिक्षकांचें वाक्य डोक्यांत घेऊन मीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंतील रेखागणित मिळविलें. हा ग्रंथ छापण्याचें काम हरिलाल हर्षदराय ध्रुव यांनीं अंगावर घेतलें होतें. कमलाशंकर प्राणशंकर त्रिवेदी यांनीं तो संपादून १९०१-०२ मध्यें दोन भागांत प्रसिद्ध केला. पहिल्या अध्यायाचा आरंभ उघडला आणि माझीं पानें ओळीमागून ओळ त्यांत सांपडलीं. लुप्त ग्रंथ लुप्त नव्हता. मीं तो वाचला नव्हता, एवढेंच.

रेखागणिताचा कर्ता जगन्नाथ सम्राट्. जयपूर वसविणारे सवाई जयसिंह (इ. स. १६८८ ते १७४३) यांचा तो आश्रित. तो महाराष्ट्रीय ब्राह्मण होता व राजाच्या इच्छेवरून अरबी-फारसी शिकला, असें परंपरा सांगते. कै. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं आपल्या १८९६ च्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासांत त्याची दखल घेतली आहे. रेखागणित हें युक्लिडाच्या ग्रंथाचें संस्कृत रूप. पण तें ग्रीकवरून नव्हे, तर नसीरुद्दीन तूसी यानें इ. स. १२४८ मध्यें पूर्ण केलेल्या अरबी संस्करणावरून. जगन्नाथानें टॉलेमीच्या ग्रंथाचेंहि असेंच संस्कृत रूपांतर केलें, तोच सम्राट्‌सिद्धान्त.

ग्रंथारंभीं जगन्नाथ सांगतो कीं, हें शास्त्र ब्रह्मदेवानें विश्वकर्म्यास सांगितलें, परंपरेनें तें पृथ्वीवर आलें, आणि उच्छिन्न झालेलें तें जयसिंहाच्या आज्ञेनें पुन्हां प्रकट होत आहे. संस्कृतांत नवें शास्त्र आणावयाचें तर त्यास असें कुळ द्यावें लागे. त्यांत लबाडी पाहण्याचें कारण नाहीं. पण ग्रंथाच्या अंगावरच्या खुणा खरें कुळ सांगतात. एक खूण संख्येची. ग्रंथांत १५ अध्याय व ४७८ शकलें आहेत, असें तो म्हणतो. युक्लिडाचे मूळ अध्याय १३. शेवटचे दोन मागाहून जोडलेले. ते धरून १५ ची मोजणी अरबी परंपरेंत होती. आणि तूसी हज्जाजच्या प्रतींत ४६८ प्रमेयें व साबितच्या प्रतींत आणखी १० असा हिशेब देतो. बेरीज ४७८.

दुसरी खूण अक्षरांची. ग्रीक आकृतींत अक्षरें आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा या क्रमानें. अरबी भाषांतरकारांनीं त्या जागीं आपल्या जुन्या वर्णक्रमांतलीं अलिफ, बे, जीम, दाल घातलीं. जगन्नाथानें तीं तशींच ठेवून अ, ब, ज, द केलीं. क, ख, ग शिकलेल्या संस्कृत पंडिताच्या त्रिकोणास ‘अबज’ हें नांव पडलें तें असें. गॅमाचा जीम झाला व जीमचा ज. माझ्या पानांवर हीच साक्ष कोपऱ्याकोपऱ्यांत लिहिलेली होती आणि मी ती पाहून न पाहिल्यासारखी केली होती.

६

रेखागणितानें संस्कृतांत जें नवें आणलें त्याचा कळस म्हणजे पहिल्या अध्यायांतील बत्तिसावें प्रमेय : कोणत्याहि त्रिकोणाचे तिन्ही कोन मिळून दोन समकोण होतात. उपपत्ति थोडक्यांत अशी. अबज हा त्रिकोण. बज ही रेघ पुढें द पर्यंत वाढवा. ज पासून बअ ला समांतर जह काढा. मग अ चा कोन अजह या कोनाएवढा, आणि ब चा कोन हजद या कोनाएवढा. हे दोन व ज चा मूळ कोन मिळून बजद या सरळ रेघेवर दोन समकोण भरतात.

यांत १८० अंशांचा उल्लेख नाहीं, हें लक्षांत ठेवावें. युक्लिड व जगन्नाथ दोघेहि ‘दोन समकोण’ म्हणतात. अंश हें ज्योतिष्यांचें माप, वर्तुळाचें. आपल्या शाळेच्या पुस्तकांतील ‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०°’ या एका वाक्यांत भूमितिकारांचें प्रमेय व ज्योतिष्यांचें माप एकत्र नांदत आहेत.

या प्रमेयावरून जातींचे नियम आपोआप निघतात. एका त्रिकोणांत अधिककोण एकच असूं शकतो, व समकोणहि एकच. समकोण त्रिकोणाचे उरलेले दोन कोन मिळून एक समकोण. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन दोन समकोणांचा तिसरा हिस्सा, म्हणजे ६० अंश. जयपूरच्या वेधशाळेंतील बृहत् सम्राट्‌यंत्र, सुमारें ९० फूट उंच, हें या नियमाचें दगडी उदाहरण आहे. त्याच्या त्रिकोणी भिंतीचा कर्ण पृथ्वीच्या अक्षाशीं समांतर, म्हणून पायथ्याचा कोन जयपूरच्या अक्षांशांएवढा, सुमारें २६ अंश ५५ कला, वरचा ६३ अंश ५ कला, तिसरा समकोण. पलभेच्या भाषेंत हाच त्रिकोण १२ ला सुमारें ६ अंगुलांचा. एकाच भिंतींत दोन्ही परंपरांची भेट झाली आहे.

हें प्रमेय समांतर रेघांच्या गृहीतावर उभें आहे. तें गृहीत सिद्ध करण्याची खटपट तूसीनेंहि केली. एकोणिसाव्या शतकांत लोबाचेव्हस्की (१८२९) व बोल्याई (१८३२) यांनीं तें गृहीत सोडूनहि सुसंगत भूमिति रचतां येते, आणि तींत तिन्ही कोन मिळून दोन समकोणांहून कमी भरतात, हें दाखविलें. गोलावरच्या त्रिकोणांत तर बेरीज दोन समकोणांहून अधिकच भरते. तेव्हां ‘तिन्ही कोन मिळून दोन समकोण’ हें सपाट क्षेत्राचें सत्य आहे. आमच्या ज्योतिष्यांचें बरेंचसें काम गोलावर चालत असे, ही गोष्टहि येथें विसरूं नये.

७

शब्दांचा मागोवा घेतला तर आणखी एक मौज दिसते. समकोण, न्यूनकोण, अधिककोण हे जगन्नाथाचे शब्द आज हिंदी शाळांत जसेच्या तसे चालतात. मराठी मात्र काटकोन, लघुकोन, विशालकोन म्हणते. मुंबई इलाख्यांत १८२० च्या दशकांत जार्विस यांनीं शास्त्र्यांच्या साह्यानें गणिताचे ग्रंथ मराठींत आणले ते इंग्रजी पुस्तकांवरून. म्हणजे मराठी भूमिति युक्लिडापाशीं अरबी वाटेनें न पोहोंचतां इंग्रजी वाटेनें पोहोंचली. ज्या जगन्नाथास आपण महाराष्ट्रीय म्हणून मिरवितों त्याचे शब्द जयपुराकडे राहिले. आणि आपल्या मुलांच्या तोंडीं संस्कृत ‘त्रिकोण’ णकारानें व देशी ‘काटकोन’ नकारानें, असे दोन्ही एका वाक्यांत नांदूं लागले.

८

संग्राहकांस शेवटीं एवढीच विनंति. आपल्या दप्तरांत आरंभशेवट नसलेलीं, आकृत्या असलेलीं संस्कृत पानें असतील तर काल ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. आकृतीच्या टोंकांस क, ख, ग आहेत कीं अ, ब, ज. त्रिकोणाचे प्रकार केवळ भुजांवरून केले आहेत कीं कोनांवरूनहि. आणि प्रकरणांस सूत्र व उदाहरण अशीं नांवें आहेत कीं शकल व क्षेत्र अशीं. अबज अक्षरें, कोनांवरून जाति व शकलांची मोजणी हीं तिन्ही एकत्र आढळलीं तर तीं पानें रेखागणिताचीं असण्याचा संभव बलवान्, आणि त्यांचा काल अठराव्या शतकाच्या मागें नेऊं नये. केवळ अक्षरांवर विसंबूं नये. अरबीवरून आलेले इतर ग्रंथहि आहेत.

अशीं पानें रेखागणिताचीं ठरलीं म्हणून टाकाऊ समजूं नयेत. एका शास्त्राचा ग्रीकांतून अरबींत व अरबींतून संस्कृतांत झालेला प्रवास त्यांच्यावर लिहिलेला आहे. आणि जयपुराहून निघालेली ही प्रत आपल्याकडच्या कोणत्या शास्त्र्यानें, कशासाठीं उतरून घेतली, हा प्रश्न तर खास आपलाच आहे. माझ्या सात पानांच्या समासांत एका जागीं दुसऱ्या हातानें ‘१३ । १४ । १५’ असे अंक लिहिलेले आहेत. लीलावती शिकलेला कोणी वाचक अधिककोण-न्यूनकोणांचीं हीं नवीं लक्षणें वाचीत असतां आपला ओळखीचा त्रिकोण त्यांस लावून पाहात होता, असें मला वाटतें. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. म्हणून तो तर्क म्हणूनच नोंदवितों.

तीं सात पानें, त्यांच्याविषयींचें माझें जुनें भाषण आणि हा लेख, तिन्ही एकाच बासनांत बांधून ठेवीत आहें. पुढें जो कोणी तें बासन सोडील त्यास भाषण अगोदर मिळालें तरी लेखहि मिळावा, एवढ्यासाठीं.